लोकेट: मोर सापडतो, यादीत असेल तर

आमच्या डिझाइन खात्याच्या डिस्कवर नावात ‘मोर’ असलेल्या एकशे चौदा फायली आहेत. मोर-लाल, मोर-जोडी, मोर-बॉर्डर, मोर-नवीन, मोर-नवीन-फायनल, मोर-हाच-घ्या. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं डिझाइनच्या फायली आणि त्या ठेवणारी यंत्रं सांभाळते. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चढणारं प्रत्येक डिझाइन आधी संगणकावर ग्राफ म्हणून तयार होतं. तो ग्राफ हरवला तर डिझाइनच्या मास्तरांना एकेक चौकट पुन्हा भरत बसावं लागतं. मोठ्या चादरीच्या मधल्या फुलाला दोन-दोन दिवस जातात. म्हणून जुनी फाईल शोधून देणं हे माझं निम्मं काम आहे.

त्यासाठी मी रोज लोकेट ही कमांड वापरते. युनिक्स-लिनक्स या संगणकप्रणालींवर फुकट मिळते, नाव दिलं की पत्ता सांगते. हे परीक्षण तिचंच. माझं मत आधीच सांगून टाकते: वेगात तिला तोड नाही. पण तुमची फाईल सापडणार की नाही हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्यातल्या बऱ्याचशा तिच्या मदतपानावर शोधूनही मिळत नाहीत. काही दुसऱ्याच एका फायलीच्या पानावर आहेत, काही फक्त सोर्स कोडमधल्या शेऱ्यांत आहेत, आणि देवनागरी नावांचं काय होतं हे तर मला कुठेच लिहिलेलं मिळालं नाही. ते मी स्वतः करून बघितलं. मराठीत हे एका जागी असावं म्हणून सविस्तर लिहितेय.

या कमांडची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या यंत्रावर तिला हे नावच नव्हतं. १९९६ साल, सोलापुरातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा. तिथे बर्कली घराण्यातलं युनिक्स असलेलं एक वर्कस्टेशन होतं आणि ते सांभाळणारे एक सहायक होते, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. आम्हाला शिकवलेली फाइंड कमांड लांबलचक: आधी कुठून शोधायचं ते, मग डॅश नेम, मग नाव, आणि शेवटी डॅश प्रिंट. ते प्रिंट विसरलं की यंत्र सगळी डिस्क फिरून यायचं आणि एक अक्षर दाखवायचं नाही. काकांनी माझ्यासमोर नुसतं फाइंड लिहिलं, पुढे एकच शब्द टाकला, जागा नाही, डॅश नाही, आणि एंटर दाबलं. बोट उचलायच्या आत पाच पत्ते पडद्यावर.

“काका, हे नोट्समध्ये नाही,” मी म्हटलं.

“नोट्समध्ये सगळं असतं होय? एकच शब्द दिला की ते डिस्कवर जातच नाही पोरी. रात्री यादी करून ठेवलेली असते, ती वाचतं.”

आमच्या झेरॉक्स नोट्समध्ये ते खरंच कुठे नव्हतं, आणि वर्गात कुणी सांगितलं नाही. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. पुढे बऱ्याच वर्षांनी खरी हकिकत कळली. १९८६च्या ४.३ बीएसडी, म्हणजे बर्कलीच्या, युनिक्समध्ये फाइंडला दोन कामं दिलेली होती. नेहमीचं काम फांद्या-फांद्या हिंडून शोधायचं, आणि एकच शब्द दिला तर तयार यादीत बघायचं. हे दुसरं काम लिहिलं जेम्स वूड्स यांनी, नासाच्या एम्स संशोधन केंद्रात असताना, ऑक्टोबर १९८२मध्ये. १९८३च्या फेब्रुवारी-मार्चच्या अंकात यूझनिक्स या युनिक्सवाल्यांच्या संघटनेच्या पत्रिकेत त्यावर त्यांचा लेखही आला. एका नावाखाली दोन कामं असली की एक झाकलं जातं, तसं ते झाकलं गेलं. ज्याला कुणी शेजारी बसून दाखवलं त्यालाच ते माहीत. ४.४ बीएसडीमध्ये ते वेगळं काढून त्याला लोकेट हे नाव मिळालं.

आता ती यादी कशी असते ते जरा जवळून बघू, कारण पुढच्या सगळ्या अडचणी तिथूनच निघतात. डिस्कवरच्या प्रत्येक फायलीचा पूर्ण पत्ता, वर्णानुक्रमे लावलेला. नुसती लिहिली तर ती यादी अवाढव्य होईल, आणि तेव्हाच्या डिस्क तर फारच लहान होत्या. वूड्स यांनी जे केलं ते आपल्या जुन्या दुकानदारांना ठाऊक होतं. किर्द लिहिताना वरच्या ओळीत जे आहे तेच खाली आलं तर मुनीम पुन्हा लिहीत नाही, ‘कित्ता’ लिहितो. इथेही तेच. वरच्या ओळीत ‘चादर, २०१६, मोर-लाल’ आणि खालच्या ओळीत ‘चादर, २०१६, मोर-हिरवा’ असेल तर खालच्या ओळीत फक्त ‘हिरवा’ लिहायचं आणि आधी किती अक्षरं कित्ता आहेत तो आकडा ठेवायचा. त्याहून बारकाई म्हणजे तो आकडाही पूर्ण ठेवत नाहीत. मागच्या ओळीच्या आकड्यापेक्षा किती कमी-जास्त, एवढाच फरक ठेवतात. फरक उणे चौदा ते अधिक चौदा असेल तर एका बाइटमध्ये (० ते २५५ मधला एक आकडा मावेल एवढ्या जागेत) बसतो. त्याहून मोठा असेल तर ३० हा संकेत टाकून पुढे मोठा आकडा लिहितात. या एका युक्तीनं यादी चार-पाच पटींनी आक्रसते असं वूड्स यांनी कोडच्या माथ्यावरच लिहून ठेवलंय.

मग दुसरी युक्ती. यादीत सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या अक्षरांच्या १२८ जोड्या निवडायच्या आणि प्रत्येक जोडीला एकेक बाइट द्यायचा, १२८ ते २५५ मधला. इंग्रजी अक्षरं १२७च्या आतच संपतात, म्हणजे वरचे बाइट रिकामे पडलेलेच होते. त्यानं आणखी वीस-पंचवीस टक्के वाचतात.

आणि इथे आपली देवनागरी अडकते.

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना आकडे देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की मात्रा, यूटीएफ-आठ पद्धतीनं तीन बाइट घेतं, आणि ते तीनही बाइट १२८ किंवा त्याहून वरचे असतात. म्हणजे नेमके त्या जोड्यांना दिलेल्या जागेतले. जुन्या कोडमध्ये यादी करताना प्रत्येक बाइटचा आठवा बिट, म्हणजे त्याला १२७च्या पलीकडे नेणारा भाग, सरळ कापला जाई, आणि उरलेलं जर छापता न येणारं असेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाकलं जाई. मी तो जुना कोड काढून एका रविवारी माझ्या यंत्रावर चालवून बघितला. ‘स’ या अक्षराचं झालं उलटं अवतरणचिन्ह, डॉलरची खूण आणि इंग्रजी आठ. ‘ल’चं तेच, फक्त शेवटी दोन. ‘ो’च्या मात्रेचं उलटं अवतरणचिन्ह, टक्क्याची खूण आणि प्रश्नचिन्ह. माझ्या गावाचं नाव डॉलर आणि टक्क्यांच्या रांगेत पडद्यावर उमटलेलं मी बघितलं. ज्यानं हे लिहिलं त्याच्यासमोर १९८२मध्ये देवनागरी फाईलनाव असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे दोष देण्याचा प्रश्न नाही. पण आपण मराठीत नावं देतो, तर ही गोष्ट आपल्याला ठाऊक हवी.

नव्वदच्या दशकात बर्कली घराण्यातल्याच फ्रीबीएसडीसाठी वुल्फराम श्नायडर यांनी हे दुरुस्त केलं. वरचा कुठलाही बाइट आला की आधी ३१ हा संकेत, मग तो बाइट जसाच्या तसा. नाव शाबूत राहतं. किंमत एवढीच, की तीन बाइटांचं एक चिन्ह यादीत सहा बाइट घेतं, आणि जोड्यांची युक्ती फक्त इंग्रजी अक्षरांपुरतीच लागू राहते. २०१९पर्यंत आमच्याकडे फायली ठेवायला फ्रीबीएसडीचंच यंत्र होतं आणि त्यात मराठी नावं व्यवस्थित सापडत. कित्त्याच्या युक्तीमुळे फोल्डरांची मराठी नावं पुन्हापुन्हा लिहावी लागत नाहीत, म्हणून यादी फुगली तरी डोईजड झाली नाही.

फ्रीबीएसडीवरची खरी अडचण दुसरीच होती. तिथे यादी आठवड्यातून एकदा होते, शनिवारी पहाटे सव्वाचारला. आमचं यंत्र शुक्रवारी रात्री आठला बंद व्हायचं. पहाटे सव्वाचारला यंत्रच बंद, तर यादी कोण करणार? पहिले तीन महिने मी बसवतानाची यादी वापरत होते आणि नवीन काहीच कसं सापडत नाही म्हणून डोकं धरून बसत होते. शिवाय तिथे यादी ‘नोबडी’ या पाहुण्या खात्याच्या नावानं होते, म्हणजे ज्या फोल्डरला इतरांना प्रवेश नाही ते यादीत येतच नाही. मालकांचं फोल्डर कुलूपबंद, त्यामुळे मालकांच्या फायली मालकांनाही लोकेटनं सापडत नसत. सुरक्षेच्या दृष्टीनं हे योग्यच आहे, मला पटतं. फक्त कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

आता डेबियन लिनक्स आहे आणि त्यावर पीलोकेट, म्हणजे याच घराण्यातली नवी पिढी. स्टाइनर गुंडरसन यांनी २०२०मध्ये लिहिली. हिच्यात कित्त्याची पद्धत नाही. ही प्रत्येक नावाचे तीन-तीन बाइटांचे तुकडे पाडते आणि कुठला तुकडा कुठल्या नावांत आहे याची सूची ठेवते, पुस्तकाच्या मागे विषयसूची असते तशी. शोधताना तुमच्या शब्दाचे तुकडे करून फक्त त्या सूच्या जुळवून बघते. आमच्या डिस्कवर सव्वाचार लाख फायली आहेत. सकाळी यंत्र नुकतंच सुरू केलेलं असताना फाइंडला पूर्ण फेरी मारायला साडेसहा मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. पीलोकेट एंटरवरून बोट उचलायच्या आत उत्तर देतं. काकांची आठवण झाली.

तीन बाइटांच्या तुकड्यांचा मराठीला एक फायदा होतो. इंग्रजीत दोन अक्षरं दिली तर पूर्ण तुकडाच होत नाही आणि पीलोकेटला सगळी यादी वाचावी लागते. आपलं एकच अक्षर तीन बाइटांचं, म्हणजे एका अक्षराचाही तुकडा पडतो. ‘मोर’ म्हणजे म, ओची मात्रा आणि र, नऊ बाइट, सात तुकडे. इंग्रजीत तोच शब्द तीन अक्षरांचा, एकच तुकडा. आणि इंग्रजीत शोधण्यातला दुसरा ताप मी रोज बघते: इंग्रजी अक्षरांत मोर शोधला की ‘मेमरी’ नाव असलेल्या यंत्राच्या शेकडो फायली वर येतात, कारण त्या शब्दाच्या पोटात ती तीन अक्षरं ओळीनं आहेत. देवनागरीत शोधला तर बहुतेक मोरच येतात. एखादी ‘समोरची-बाजू’ येते, तेवढं चालतं. मी आमच्या पोरांना म्हणूनच सांगते, नावं मराठीत द्या आणि बिनधास्त द्या. फक्त डिस्कवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत काना-मात्रा धरून पंच्याऐंशी चिन्हं. पार्टीचं नाव, रंग, माप, तारीख सगळं एकाच नावात कोंबू नका.

मोठी आणि छोटी लिपी एक समजण्यासाठी डॅश आय लावायची अनेकांना सवय असते. देवनागरीत मोठं-छोटं नसतंच. ती खूण लावून काही मिळत नाही, उलट शोध मंदावतो.

आता नवीन माणूस हमखास कुठे अडखळतो ते. गेल्या वर्षी शिकायला आलेल्या मुलीनं ‘मोर’ आणि पुढे तारा, म्हणजे चांदणी, असं लिहिलं. तिला मोरानं सुरू होणारी नावं हवी होती. उत्तर शून्य. तिनं चांदणी काढली, एकशे चौदा नावं आली. ती घाबरली, काहीतरी बिघडवलं म्हणून. नियम असा आहे: नुसता शब्द दिला तर लोकेट त्याच्या दोन्ही बाजूंना स्वतःच चांदण्या लावतं. पण तुम्ही एक जरी चांदणी दिली तर ते म्हणतं, आता सगळं तुमचं, आणि पूर्ण पत्त्याशी जुळवतं. पूर्ण पत्ता सुरू होतो तिरक्या रेघेनं, मोरानं नाही. म्हणून शून्य. एकतर शब्दाच्या आधीही चांदणी लावा, किंवा डॅश बी लावा, म्हणजे फक्त फायलीच्या नावाशी जुळवेल. हे मदतपानावर आहे, पण एका वाक्यात आहे आणि त्या वाक्यापर्यंत कुणी जात नाही.

दुसरं, एमलोकेट या लिनक्सवरच्या आधीच्या लोकेटवरून पीलोकेटवर आलेल्यांसाठी: एमलोकेटला दोन शब्द दिले तर दोन्हीपैकी कुठलाही असलेल्या फायली यायच्या. पीलोकेट दोन्ही शब्द असलेल्याच देतं. मला हे नवं वागणं फार आवडतं. ‘मोर टॉवेल २०१६’ एवढं लिहिलं की एकशे चौदाचे चार होतात. पण जुन्या स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फायली, तशाच ठेवल्या तर त्या काही न बोलता कमी उत्तरं द्यायला लागतात, त्या तपासून घ्या.

यापुढचं मात्र लिहिताना अजून त्रास होतो.

२०२१च्या पावसाळ्यात हैदराबादच्या एका जुन्या पार्टीनं कोयरीच्या बॉर्डरचा टॉवेल पुन्हा मागितला, सात-आठ वर्षांपूर्वीचा. मी लोकेट केलं. काही नाही. इंग्रजीत केलं, मराठीत केलं, ‘कैरी’ म्हणून केलं, ‘आंबा’ म्हणून केलं. काही नाही. मालकांना सांगितलं, फाईल नाही. माझ्या शब्दावर त्यांनी मास्तरांना नव्यानं ग्राफ करायला बसवलं. मास्तर सत्तरीला आलेले. पंचकार्डं हातानं मारायच्या काळापासून या धंद्यात, तेलुगू घरातले, मराठी माझ्याहून गोड बोलतात. टॉवेलचा एक फाटका नमुना समोर ठेवून, भिंगातून ताणा-बाणा मोजत त्यांनी अडीच दिवस ती बॉर्डर भरली. डोळ्यांत औषध घालून घालून.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी मी बॅकअपची डिस्क उघडली, आणि समोर ‘कोयरी-बॉर्डर’ फोल्डर. डिस्क यंत्राला जोडलेलीच होती. तीन दिवस जोडलेली होती. लोकेटनं ती बघितलीच नव्हती.

कारण असं. यादी करायचं काम अपडेटडीबी नावाची वेगळी कमांड करते, आणि तिची एक सेटिंगची फाईल असते. त्या फायलीत कुठे जायचं नाही याची यादी आधीपासून भरून आलेली असते. डेबियनमध्ये त्यात तात्पुरत्या फायलींची जागा आहे, ते ठीकच. पण ‘मीडिया’ हे फोल्डरही आहे, आणि बाहेरून जोडलेली डिस्क नेमकी त्याच्याखाली येऊन बसते. दुसऱ्या एका ओळीत फाईलसिस्टीमचे, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतींचे, प्रकार आहेत जे टाळायचे: नेटवर्कवरून जोडलेले एनएफएस आणि सीआयएफएस, सीडी-डीव्हीडीवरचे प्रकार, सगळे. म्हणजे विंडोजच्या यंत्रावरचं शेअर केलेलं फोल्डर नाही, नेटवर्कवरची डिस्क नाही, जुनी सीडी नाही. आणखी एका ओळीत बाइंड माउंट (एका जागचं फोल्डर दुसऱ्या जागीही जोडणं) टाळा असं ‘येस’ लिहिलेलं असतं, आणि बीटीआरएफएस ही फाईलसिस्टीम वापरणाऱ्यांच्या यंत्रांवर या एका ओळीमुळे अख्खं होम फोल्डर यादीबाहेर राहिल्याची उदाहरणं आहेत.

या सगळ्यामागचा विचार मला समजतो. नेटवर्कवरची डिस्क शंभर यंत्रांनी रोज रात्री पिंजून काढली तर तिचं काय होईल. पण लोकेट शोधून काही मिळालं नाही तर ते गप्प बसतं. ‘मी अमुक जागा बघितल्या नाहीत’ असं एक अक्षर बोलत नाही. तुम्ही समजता फाईल नाही. खरं म्हणजे यादीत नाही. ही सेटिंग लोकेटच्या मदतपानावर नाही, त्या सेटिंगच्या फायलीच्या स्वतःच्या पानावर आहे, आणि ज्याला ती फाईल आहे हेच माहीत नाही तो ते पान कसं उघडणार? आमचं यंत्र ज्यांनी बसवून दिलं त्यांनीही बॅकअप डिस्क जोडताना हे सांगितलं नव्हतं. मी मास्तरांपाशी जाऊन खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “असू द्या ताई, हात चालू राहिला.” मला ते अडीच दिवस परत देता आले नाहीत.

त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. लोकेट ‘आहे’ म्हणालं तर विश्वास ठेवते, तोही डॅश ई लावून, म्हणजे यादीतली फाईल अजून जागेवर आहे का ते तपासून सांगतं. लोकेट काहीच बोललं नाही तर फाइंड चालवते, साडेसहा मिनिटं गेली तरी. आणि मालकांना ‘फाईल नाही’ हे वाक्य फाइंड संपल्याशिवाय सांगत नाही.

पण फाइंडलाही न सापडणारी एक गोष्ट मराठीत आहे, आणि ती मी अजून कुठल्या मदतपानावर वाचलेली नाही. आमच्याकडे ‘दोऱ्यांचे-भाव’ नावाच्या दोन फायली आहेत, एक माझी, एक हिशेबनिसांची. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब. मी माझ्या कीबोर्डवरून शोधलं की माझीच मिळते, त्यांनी शोधलं की त्यांची. घोळ आहे त्या ‘ऱ्या’त. हे अर्धं र दोन पद्धतींनी लिहिता येतं. माझा कीबोर्ड नुक्ता असलेला वेगळा ‘ऱ’ आणि हलन्त टाकतो. त्यांचा कीबोर्ड साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह टाकतो. तिसरी तऱ्हा म्हणजे साधा ‘र’ आणि वेगळा नुक्ता. मॅकच्या जुन्या डिस्कवरून आलेली नावं अशी फोडलेली असतात. डोळ्यांना तिन्ही एकच. यंत्राला बाइट दिसतात, आणि बाइट निराळे. फाइंड, लोकेट, पीलोकेट, कुणीच यांना एक मानत नाही. वाऱ्या, किनाऱ्या, पायऱ्या, तुऱ्या, आपल्या भाषेत असे शब्द पदोपदी.

यावर मी वापरते तो उपाय: संशयाचं अक्षर गाळून तिथे चांदणी. डॅश बी लावून चांदणी, ‘दो’, चांदणी, ‘यांचे’, चांदणी. दोन्ही फायली येतात. चांदण्यांचा तोच उपाय, डॅश बी न लावता, जुन्या लोकेटवरही चांगला चालतो, कारण वूड्स यांच्या कोडमध्ये शोध उलटा, शेवटाकडून होतो. चांदण्या असल्या तर शेवटचा सलग शब्द उचलून आधी तो मागून पुढे जुळवला जातो, आणि तो जुळला तरच बाकीचं सावकाश तपासलं जातं. म्हणून शेवटचा तुकडा जितका लांब आणि नेमका, तितकं काम लवकर. पुढून जुळवण्यापेक्षा यात चाळीस-पन्नास टक्के वेळ वाचतो असं त्यांनी लिहिलंय. हेही मदतपानावर नाही, कोडच्या शेऱ्यात आहे.

एक वेगळ्या जातीचा शोधही सांगते, कारण त्यानं आमचं एकदा मोठं नुकसान टळलं. डिस्क खराब व्हायला लागली आणि अमुक जागा वाचता येत नाही असा संदेश आला, पण त्या जागेवर कुठली फाईल आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-चार डिस्कसाठी डीबगएफएस नावाचं साधन असतं. त्याला आयचेक म्हणून ब्लॉकचा, म्हणजे डिस्कवरच्या जागेचा, आकडा दिला की तो कुठल्या आयनोडचा, म्हणजे फायलीच्या कुठल्या नोंदीचा, ते कळतं, आणि एनचेक म्हणून आयनोड दिला की नाव-पत्ता कळतो. उलटा शोध: जागेवरून नाव. आयचेक आणि एनचेक या नावांच्या कमांड १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही होत्या. आमच्याकडे खराब जागेवर दोनच डिझाइनं निघाली, दोन्ही बॅकअपवर होती, डिस्क बदलली. बॅकअप आता यादीत असल्यामुळे ती मिळायला पाच सेकंद लागले.

किंमत शून्य, बसवायला पाच मिनिटं. फोटो, डिझाइन, निमंत्रणपत्रिका, हिशेब अशा हजारो फायली ज्यांच्याकडे आहेत, त्या नवी पेठेतल्या डीटीपीवाल्यापासून आमच्यासारख्या कारखान्यापर्यंत सगळ्यांना मी पीलोकेट वापरा असंच सांगेन. बसवल्यावर शोध सुरू करण्याआधी ‘अपडेटडीबी डॉट कॉन्फ’ ही फाईल उघडा. माझ्या यंत्रावर टाळायच्या जागांच्या ओळीतून मी ‘मीडिया’ काढलंय, बाइंड माउंटच्या पुढे ‘नो’ केलंय, आणि यादी करायची वेळ दुपारी दीड ठेवलीय. तेव्हा सगळे जेवायला गेलेले असतात आणि यंत्र नक्की चालू असतं. पीलोकेट लिहिणाऱ्यांकडे एकच मागणं आहे: शोध रिकामा आला की न बघितलेल्या जागांची नावं एका ओळीत छापा. आणि ‘ऱ’ची तिन्ही रूपं एक मानणारी एखादी खूण द्या, तोवर माझ्या टेबलावर चांदण्या कुठे टाकायच्या ते लिहिलेला कागद चिकटवलेला आहे, शिकायला येणारी पोरं त्याचा फोटो काढून नेतात.